समोरचा डोंगर दिसतो का?

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात मी ज्या कंपनीत नेटवर्कचं काम पाहायचो, तिच्या दोन इमारती नदीच्या दोन काठांवर होत्या. मध्ये सातशे मीटर. फायबर (काचेच्या तंतूंची इंटरनेट केबल) टाकायची तर पुलावरून न्यायची, रस्ता खोदायची परवानगी काढायची, म्हणजे वर्षभर खेटे. त्यापेक्षा दोन्ही गच्च्यांवर एकेक पेटी बसवली. एकीतून डोळ्यांना न दिसणारा लेझर निघायचा आणि दुसरी तो पकडायची. पेट्या विकायला आलेल्या माणसाला आमच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, "पावसाचं काय?" तो म्हणाला, "पावसाची काळजी सोडा." आणि खरंच, अख्खा पावसाळा लिंकने जवळजवळ निमूट काढला.

मग जानेवारी आला. सकाळी साडेसहाला लिंक गेली ती साडेआठला आपोआप परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. आम्ही स्विच बदलला, वीजपुरवठा तपासला, काचा पुसल्या. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीचा वॉचमन घरी जाता जाता म्हणाला, "साहेब, समोरची बिल्डिंग दिसायची बंद झाली की तुमचं ते बंद पडतं." नदीवरून उठणारं धुकं आम्ही इंजिनिअर लोकांनी हिशेबातच धरलं नव्हतं. पाऊस विचारला आणि धुकं विसरलो.

हा जुना किस्सा आत्ता आठवण्याचं कारण आहे. हवेतून प्रकाशाच्या झोताने इंटरनेट पोचवण्याची कल्पना गच्च्यांवरून उतरून सार्वजनिक योजनांच्या दारात आली आहे. गूगलच्या मूळ कंपनीच्या 'एक्स' प्रयोगशाळेत 'तारा' नावाचा प्रकल्प उभा राहिला; त्याचे प्रमुख महेश कृष्णस्वामी मूळचे चेन्नईचे. आंध्र प्रदेशाच्या सरकारी फायबर कंपनीने २०१७ च्या अखेरीस अशा दोन हजार जोडण्यांचा करार जाहीर केला होता. २०२३ मध्ये एअरटेलचं नाव 'तारा'शी जोडलं गेलं, आणि २०२५ मध्ये 'तारा' स्वतंत्र कंपनी झाली. दुसऱ्या बाजूला भारतनेट ही केंद्र सरकारची योजना आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचं, हे २०११ साली ठरलं. २०२३ मध्ये त्याच कामासाठी सुमारे १.३९ लाख कोटींचा सुधारित आराखडा मंजूर झाला. जिथे डोंगर खोदता येत नाही, जंगलातून चर मारायला परवानगी मिळत नाही, तिथे "दोन टेकड्यांवर दोन दिवे लावा आणि मोकळे व्हा" असं कुणीतरी सुचवणारच. ते सुचवणं चूक नाही. चूक त्यानंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात होते. आपण विचारतो, वर्षाला किती टक्के चालेल? विचारायला हवं ते हे, की कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी चालणार नाही.

आधी पाऊस आणि धुक्याचा फरक, कारण सगळं त्यावर उभं आहे. मूठभर ज्वारी हवेत उडवली तर पलीकडचा माणूस दिसत राहतो. तेवढ्याच ज्वारीचं पीठ उडवलं की गिरणीतला भैया दिसेनासा होतो. पाण्याचंही तसंच. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा एक थेंब घ्या आणि त्याचे धुक्यातल्या थेंबाएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे कण करा. दहा लाख कण होतात. पाणी तेवढंच, पण प्रकाशाला होणारा आडोसा शंभरपट. शिवाय पावसाचे थेंब खाली पडून जातात, धुकं मात्र ठाण मांडून बसतं.

म्हणून हवामान खातं ज्याला ढगफुटी म्हणतं, त्या ताशी १०० मिलिमीटरच्या पावसातसुद्धा प्रचलित सूत्राप्रमाणे एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा सुमारे दोनशेवा हिस्सा उरतो. दोनशेवा हिस्सा ऐकायला फार कमी वाटतो, पण चांगल्या यंत्राला तो पुरतो. विक्रेता खोटं बोलला नव्हता.

धुक्याचा हिशेब पाढ्यासारखा सोपा आणि तेवढाच निर्दय आहे. हवामानशास्त्रात दृश्यमानतेची व्याख्याच अशी आहे की जेवढं अंतर कापल्यावर प्रकाशाच्या झोताचा फक्त ५ टक्के, म्हणजे विसावा हिस्सा उरतो, तेवढी त्या हवेची दृश्यमानता. आता समजा दृश्यमानता २०० मीटर आहे. २०० मीटरवर विसावा हिस्सा. ४०० वर चारशेवा. ६०० वर आठ हजारावा. ८०० वर एक लाख साठ हजारावा. एक किलोमीटरवर बत्तीस लाखावा. सावकाराचं चक्रवाढ व्याज आपल्याला कळतं, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने.

यावरून एक घरगुती नियम निघतो. समजा यंत्र इतकं तरबेज आहे की निघालेल्या प्रकाशाचा हजारावा हिस्सा पोचला तरी त्याचं काम भागतं. मग ते दृश्यमानतेच्या जेमतेम २.३ पट अंतरापर्यंत चालेल. आमचे सातशे मीटर तीनशे मीटरच्या धुक्यात तुटायलाच हवे होते, आणि तुटले. माहितीपत्रकात "२० किलोमीटरपर्यंत" असं लिहिलेलं असतं. त्या २० किलोमीटरला जवळजवळ ९ किलोमीटरची स्वच्छ दृश्यमानता लागते. धुकं सोडा, हिवाळ्यातली साधी धुरकट हवासुद्धा तेवढी दृश्यमानता खाऊन टाकते. "मग लेझर मोठा लावा," असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. ताकद दुप्पट केली तर २०० मीटरच्या धुक्यात पल्ला किती वाढतो? फार तर ४६ मीटर. लेझरचा रंग बदलूनही दाट धुक्यात फारसं हाती लागत नाही. विरळ धुरकटपणात लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला थोडी सवलत मिळते, पण धुक्याचे थेंब त्या तरंगलांबीपेक्षा मोठे असल्याने ते सगळ्यांना सारखंच अडवतात.

बाकीच्या तक्रारी मी दुय्यम मानतो. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावर हवा थरथरते, डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं, तसा झोतही थरथरतो. टॉवर वाऱ्याने डोलतो. मध्येच पक्षी येतो. झोताचा पाठलाग करणारे आरसे आणि मोठ्या भिंगांनी यावर बराच ताबा मिळवला आहे. (आमच्या पेटीवर एकदा वानर येऊन बसलं होतं. त्यावर मात्र अभियांत्रिकी उपाय सापडला नाही.) थरथरीवर युक्ती चालते, कारण प्रकाश पोचतो आहे, फक्त वेडावाकडा. धुक्यात तो पोचतच नाही.

आता 'तारा'चं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पाहू. कांगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्या काठावर किन्शासा. दोन देशांच्या या राजधान्या एकमेकींना दिसतात. पण नदी खोल आणि वेगवान, त्यामुळे फायबरला चारशे किलोमीटरहून जास्त वळसा पडतो आणि किन्शासात इंटरनेट कितीतरी महाग होतं. २०२१ मध्ये ४.८ किलोमीटरचा झोत नदीवरून टाकला. २० दिवसांत जवळजवळ ७०० टेराबाइट माहिती गेली, ९९.९ टक्के वेळ जोडणी चालू राहिली. मला हे काम मनापासून आवडतं. माहिती देताना त्या लोकांनी स्वतःच कबूल केलं होतं की सगळ्या हवामानांत पूर्ण भरवशाची अपेक्षा धरू नये आणि सॅन फ्रान्सिस्कोसारखं धुक्याचं शहर या तंत्राला कदाचित कधीच मानवणार नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या टेंडरांत दिसत नाही. आपण त्यातला ९९.९ चा आकडा तेवढा उचलतो आणि २० दिवस विसरतो.

सरासरीचा हा खेळ नीट पाहायला हवा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. हे पावणेनऊ तास वर्षभर मिनिटा-मिनिटाने विखुरलेले असतील तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण हवामान विखरून येत नाही, ते मुक्कामाला येतं. समजा घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावची लिंक वर्षात एकूण दहा दिवस बंद राहिली. वार्षिक आकडा ९७ टक्क्यांच्या वर. अहवालात हिरव्या रंगाने रंगवता येईल असा. ते दहाही दिवस जुलैतले असतील तर त्या महिन्याचा आकडा ६८ टक्क्यांच्या खाली जातो. गावाने जुलै जगायचा असतो, वर्षाची सरासरी नाही.

आणि घाटमाथ्यावर ते दहा दिवस जुलैतच येतात. महाबळेश्वर, आंबोली इथे आषाढात जे असतं त्याला आपण सवयीने धुकं म्हणतो, पण तो जमिनीला टेकलेला ढग असतो. हे काव्य म्हणून सांगत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा थाटली. ढगात शिरायला एरवी विमान लागतं. तिथे पावसाळ्यात ढग खिडकीशी येतो आणि त्याचे थेंब जागच्या जागी मोजता येतात. शास्त्रज्ञांना ज्या कारणासाठी ती जागा सोन्यासारखी, त्याच कारणासाठी ती लेझर लिंकला वैराची. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर पसरणाऱ्या धुक्याचीही तीच गोष्ट; त्यासाठी याच संस्थेने २०१५ पासून दिल्ली विमानतळावर धुक्याच्या मोजणीचा दीर्घ प्रयोग चालवला आहे.

एक गोष्ट मात्र फायबरवाल्यांच्या तोंडावर सांगायला हवी. फायबर ही काही सतीसावित्री नाही. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की पहिली ती तुटते. दरड कोसळली की रस्त्याबरोबर जाते, आणि मग जोडणारी गाडी येईपर्यंत पंचायतीतलं कपाट नुसतं दिवे लुकलुकवत बसतं. धुकं निदान आपोआप विरतं. तुटलेली फायबर आपोआप जोडली जात नाही. त्यामुळे "फायबर भरवशाची, प्रकाश बेभरवशाचा" असं सरळ विधान मी करणार नाही. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या मोकळ्या, कोरड्या पठारावर तीन-चार किलोमीटरचा झोत वर्षाच्या हिशेबात वारंवार तुटणाऱ्या फायबरला हरवूही शकेल.

पण सह्याद्रीत हाच युक्तिवाद उलटतो. तिथे दरड कधी कोसळते? संततधार लागते तेव्हा. ढग जमिनीवर कधी बसतो? तेव्हाच. फायबर तुटली तर प्रकाश, असा बॅकअप कागदावर छान दिसतो, पण दोन्ही एकाच आठवड्यात झोपणार असतील तर ती फक्त पावसात न उघडणारी छत्री झाली. दोन जोडण्या असणं पुरेसं नाही, त्यांची आजारपणं वेगवेगळी असायला हवीत. माझ्या पाहण्यात आलेल्या खरेदीच्या कागदांत हा प्रश्न कुठे विचारलेला नव्हता.

या डोंगरांत राहणाऱ्यांना ही अक्कल जुनी असावी. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडावर पोचले, ते पोचल्याची खूण म्हणून कथेत काय येतं? तोफांचे आवाज. गडावर जाळ पेटवायचं कुणी म्हणत नाही. तपशिलांवर इतिहासकारांचे मतभेद आहेत आणि खुणेमागचं कारण माझी कल्पना आहे हे कबूल करतो, पण आषाढातल्या त्या खिंडीत उभ्या असलेल्यांना जाळ दिसला नसता.

वेगळ्या आजाराचा सोबती आपल्या हाताशी आहे आणि तो म्हणजे रेडिओ. त्यातही निवड नीट करायला लागते. ७०-८० गिगाहर्ट्झच्या, भरपूर डेटा वाहणाऱ्या लहरींची लांबी चारेक मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या थेंबांच्याच घरातली; त्या धुक्याला जुमानत नाहीत पण मुसळधार पावसात कोसळतात. बरोबर प्रकाशाच्या उलट. म्हणून उत्तर भारतातल्या बिनपावसाच्या धुक्याच्या पट्ट्यात ही जोडी चांगली जमेल. घाटमाथ्यावर मात्र ढग आणि मुसळधार एकत्र येतात, तिथे दोघेही एकदमच आजारी. तिथे पाच-सहा गिगाहर्ट्झचा जुना, संथ रेडिओच हवा. त्याला धुक्याचं सोयरसुतक नाही आणि पावसाचंही फारसं नाही. डेटाचा वेग प्रकाशाच्या जोडणीपेक्षा अगदीच कमी, पण गावाला ढगाच्या दिवसांत लागतं किती? रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा पटवायला, यूपीआयचे पैसे सरकायला, आरोग्य उपकेंद्रातून एखादा रिपोर्ट पाठवायला चिमूटभर डेटा पुरतो. सिनेमा दोन दिवस थांबला तर चालेल. अडचण अशी की ही रांग कुणी आधी लावून ठेवत नाही. मोठा पाइप बंद पडून बारीक पाइपवर आलो की सगळ्यांचे व्हिडिओ त्यातच घुसतात आणि अंगठा पटवायला आलेली म्हातारी दुकानासमोर ओट्यावर बसून राहते. बारीक पाइपवर आधी कुणाला सोडायचं हे तंत्रज्ञाचं काम नाही. ते ग्रामसभेत ठरावं आणि राउटरमध्ये लिहिलं जावं.

मोजणीबद्दल बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त आळस तिथे आहे. विमानतळांवर धावपट्टीशेजारी एक यंत्र असतं. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बनवलेलं 'दृष्टी' त्याच जातीचं. एका खांबावरून प्रकाश सोडायचा, काही अंतरावरच्या दुसऱ्या खांबावर किती पोचला ते मोजायचं, आणि त्यावरून वैमानिकाला धावपट्टी किती दिसेल ते सांगायचं. म्हणजे ती एक छोटी प्रकाशलिंकच झाली, फक्त निरोपाऐवजी ती स्वतःचं नुकसान मोजते. जे आकडे लिंक लावण्याआधी लागतात नेमके तेच ती रात्रंदिवस नोंदवते. विमानासाठी आपण ते मोजतो. ज्या टेकडीवर लाखो रुपयांचा लेझर बसवायचा तिथे मोजत नाही. जवळच्या शहराचा पर्जन्यमानाचा तक्ता जोडतो आणि पुढे जातो. पर्जन्यमानाचा! आमच्या साहेबांचा तोच जुना प्रश्न, आता सरकारी शिक्क्यासह.

अंतराळवाल्यांना हे परवडत नाही. नासाने डिसेंबर २०२१ मध्ये लेझर संदेशवहनाचं एक प्रायोगिक यंत्र उपग्रहावर बसवून सोडलं, त्याला जमिनीवर स्थानकं दोन ठेवली, एक कॅलिफोर्नियात आणि एक हवाईत. एकावर ढग आले तर दुसरं. हजारो किलोमीटर बिनबोभाट आलेला प्रकाश शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत ढगाने गिळला तर काय, याचं उत्तर त्यांनी लेझर मोठा करून दिलं नाही, तर जागा दोन घेऊन दिलं. गावाला दोन जागा घेता येत नाहीत. गाव जिथे आहे तिथेच असतं. म्हणून गावासाठी निदान आधी मोजा तरी.

मी काय मागतो आहे, तर टेंडरमधल्या "वार्षिक उपलब्धता" या एका ओळीच्या जागी बारा ओळी, महिन्यागणिक, आणि प्रत्येकीत पहाटेचा आकडा वेगळा. जागेवर एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा दृश्यमानता मोजलेली नोंद. यंत्र परवडत नसेल तर समोरच्या डोंगराकडे तोंड करून ठेवलेला साधा कॅमेरा, दर दहा मिनिटांनी एक फोटो. डोंगर दिसला की दिसला नाही, एवढं मोजायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. लिंकची लांबी माहितीपत्रकातल्या पल्ल्यावरून न ठरवता सगळ्यात वाईट महिन्यातल्या दृश्यमानतेवरून ठरवावी, मग मध्ये एखादा खांब जास्त लागला तरी चालेल. दंडही महिन्याच्या आकड्यावर लागावा, नाहीतर ठेकेदार मे महिन्याच्या निरभ्र आकाशातून जुलैची भरपाई करतो.

यावर आक्षेप येईल की इतकं मोजत बसलो तर वर्ष जाईल, आणि तोवर गाव तसंच कोरडं. आक्षेपात दम आहे. पण वर्ष सगळीकडे घालवायची गरज नाही. जिथे उत्तर उघड आहे तिथे उद्या सुरुवात करा. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट सुटते. पलीकडचा धक्का नुसत्या डोळ्यांनी दिसतो, गाड्या चढतात-उतरतात ते दिसतं, आणि बोट चुकली तर रस्त्याने चिपळूणकडून भला मोठा वळसा. आपल्या कोकणातलं हे छोटं कांगोच. अंतर इतकं कमी की धो धो पावसातही विसाव्याचा विसावा अशी घट फारशी होत जात नाही, आणि समुद्रसपाटीला आषाढातला ढग सहसा डोक्यावरून जातो, अंगावर बसत नाही. मला विचाराल तर पहिली पेटी तिथल्या धक्क्यावर लावावी. आंबोलीची शेवटी, कॅमेऱ्याचे फोटो मोजून झाल्यावर, आणि तीही शेजारच्या खांबावर संथ रेडिओ आधी चालू करून.